मैत्रिणीची बॅचलरेट आंबोलीत करायची आहे, बेळगाव-निपाणीकडच्यांनी सल्ला द्या

टिळकवाडीची (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. आमच्या शाळेपासूनच्या मैत्रिणीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्याच मुहूर्तांत ठरलंय. सासर पुण्यात, नोकरीही तिकडेच, म्हणजे यापुढे ती सणावारालाच बेळगावात दिसणार. त्याआधी तिच्यासाठी दोन रात्रींची बॅचलरेट करायची आहे. शुक्रवारी दुपारी निघायचं, रविवारी रात्री घरी.

नवरीसकट आम्ही आठ जणी. बेळगावातल्या चार, एक खानापूरची, एक निपाणीची, एक गोकाकची (तिच्या घरी कन्नड, आमच्याबरोबर अस्सल बेळगावी मराठी) आणि एक पुण्याहून येणार. एकीचं बाळ सात महिन्यांचं आहे, ते बरोबर असेल. एकीची नोकरी सध्या सुटलीय. दोघी पितात, बाकीच्या नाही.

आधी गोवा ठरत होतं. नवरीच म्हणाली, गर्दी नको, मला थंड हवा, धुकं आणि तुम्ही सगळ्या हव्यात. म्हणून आंबोली. आता कधी जावं, गाडी कुठली करावी, दोन दिवसांत काय काय बसतं आणि बाळ-बाळंतिणीला घेऊन झेपेल का, हे सांगा. शिवाय दोघींच्या घरी ‘बॅचलरेट’ हा शब्द ऐकूनच नकार आलाय. त्यांच्या आयांना काय सांगावं?

घाटवाट
मी चंदगडचा. हा रस्ता रोजच्यातला आहे, म्हणून लिहितो.

बेळगाव ते आंबोली साधारण ७० किलोमीटर. हिंडलगा, बाची, शिनोळी, पाटणे फाटा करत वेंगुर्ल्याचा रस्ता धरायचा. दोन तास धरून चला, पावसात अडीच. बेळगावकडून गेलात तर घाट चढावा लागत नाही, तुम्ही पठारावरूनच आंबोलीत पोचता. खरा घाट गावाच्या पुढे, सावंतवाडीकडे उतरताना लागतो आणि मुख्य धबधबाही तिथेच आहे. गाडी लागणारी कोणी असेल तर ही मोठी सोय.

कधी जायचं याबद्दल माझं मत पक्कं आहे. जुलै-ऑगस्टचा शनिवार-रविवार तुमच्या कामाचा नाही. आंबोलीचा पाऊस वर्षाला ७००० मिलिमीटरच्या घरातला, त्यातला बहुतेक याच दिवसांत पडतो. कोल्हापूर, बेळगाव आणि गोवा तिन्हीकडची माणसं रविवारी त्या एका वळणावर येतात. धबधब्याच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते, गाड्या घाटात तासन्‌तास अडकतात. बाळ घेऊन त्यात जाऊ नका.

दसरा झाल्यावर, कोजागरीच्या आसपास जा. डोंगर हिरवेच असतात, धबधबे बारीक झाले तरी वाहते असतात आणि दरीतलं धुकं सकाळी उठून बघण्यासारखं असतं. परतीच्या पावसाची एखादी सर दुपारी गाठेल, तेवढी छत्री ठेवा.

खानापूरकरीण
चोर्ला घाटाचा विचार केलात का? जांबोटी, कणकुंबी ओलांडली की जंगलातले रिसॉर्ट आहेत, बेळगावहून जवळ पडतं. मलप्रभेचा उगम कणकुंबीतच, माउलीच्या देवळापाशी. सकाळी तिथलं दर्शन होतं.

पण एक सांगते. तिकडचे बरेच रिसॉर्ट एकेकटे आहेत. आत गेलं की बाहेर पायी जाण्यासारखं काही नाही, जेवण त्यांचंच, दर त्यांचेच. आठ जणींना गाव लागतं. संध्याकाळी चालत जाऊन चहा-भजी खाता येतील, औषधाचं दुकान सापडेल, एसटी थांबेल असं. त्या हिशेबाने आंबोलीच बरी. तिलारीनगर सुंदर आहे, पण राहायची सोय अगदी मोजकी.

शहापूरची मावशी
बाळा, तुझा धागा वाचला आणि माझ्या लेकीची आठवण झाली. आईच्या बाजूने लिहिते.

आम्हाला त्या शब्दाची भीती नाही ग. कुठे, कोणाबरोबर, कोणाच्या गाडीतून हे कोणी नीट सांगत नाही, त्याची भीती आहे. ‘आम्ही जातोय’ एवढंच कानावर येतं आणि मग रात्रभर डोळा लागत नाही. तू त्या दोघींच्या घरी स्वतः जा. फोनवर नको. राहण्याच्या ठिकाणाचं नाव, तिथला फोन, ड्रायव्हरचा नंबर आणि गाडीचा नंबर एका कागदावर लिहून आईच्या हातात दे. रात्री नऊला एक फोन येईल असं सांग आणि तो फोन कर. एवढ्यावर निम्म्या आया तयार होतात.

दुसरं, मुहूर्तमेढ झाल्यावर मुलीला गावाबाहेर पाठवत नाहीत, आणि हळदीनंतर तर नाहीच. कोजागरीला जाताय तर मधे महिना असतो, कोणी काही म्हणणार नाही.

आणि तिकडेच तिचं केळवण करा. आयांना केळवण कळतं. पाट मांडा, केळीच्या पानावर वाढा, औक्षण करा, ओटी भरा. रात्री गाणी लावून नाचायचं ते नाचा की, त्याला कोण नको म्हणतंय.

टिळकवाडीची (धागाकर्ती)
मावशी, तुमचा प्रतिसाद आमच्या गटात वाचून दाखवला. केळवण सगळ्यांना पटलं, नवरीला तर फारच. कोजागरीनंतरचा शनिवार-रविवार पक्का करतोय.

एक गोष्ट धाग्यात लिहिली नव्हती, आता लिहिते. आमच्यातल्या एकीचा नवरा गेल्या वर्षी वारला. ती यायला तयार आहे, पण काल म्हणाली, “केळवणाच्या वेळी मी स्वयंपाकघराकडे थांबते, तुम्ही औक्षण करून घ्या.” कोणालाच पुढे काय बोलावं कळेना. नवरी रडायला लागली. हे कसं हाताळावं?

शहापूरची मावशी
तिला पहिलं औक्षण करायला लावा.

मी सत्तरीला आलेय, देवधर्म सगळा करते आणि हे विचार करून लिहितेय. नवऱ्याच्या जाण्याने बाईचा आशीर्वाद कमी होत नाही. आपल्या शेजारच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ साली विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. मग महाराष्ट्र सरकारने इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. खेड्यातली माणसं सगळ्या गावासमोर हे करू शकतात, तुम्ही तर आठ मैत्रिणी.

पण तिथे ऐन वेळी हाताला धरून पुढे ओढू नका, तिला लाज वाटेल. जायच्या आधी नवरीने तिच्या घरी जावं आणि तिला एकटीला सांगावं, “माझं औक्षण तू करायचंस, मला तुझ्याच हातचं हवंय.” हे नवरीच्या तोंडून गेलं पाहिजे. आणि ओटी नवरीची भराल तेव्हा गजरा सगळ्यांना द्या, सगळ्यांना.

निपाणीची सून
मावशी, तुमच्या पाया पडते. दुसरं काही लिहिवत नाही.

अनगोळची वकील
नियमांचं लिहिते, कारण सीमा ओलांडली की ते बदलतात आणि सहलीत त्यावरूनच खोळंबा होतो.

गाडी पिवळ्या पाटीची, म्हणजे टूरिस्ट परवान्याचीच घ्या. ओळखीच्या माणसाची पांढऱ्या पाटीची क्रूझर स्वस्त पडते म्हणून घेऊ नका. खाजगी गाडी भाड्याने चालवणं बेकायदेशीर आहे आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. ऑल इंडिया परमिट असेल तर शिनोळीला सीमेवर अडचण नाही. नसेल तर महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. तो कोण भरणार ते ठरवतानाच बोलून घ्या.

दारूचं. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनला २१ वर्षं पूर्ण लागतात, बाकी दारूला २५. गोव्याची स्वस्त बाटली कोणाकडून मागवू नका, परवान्याशिवाय ती राज्याबाहेर आणणं गुन्हा आहे. ज्या दोघी घेतात त्यांनी खोलीत घ्यावी, पॉइंटवर किंवा गाडीत नको. आंबोलीजवळच्या कावळेसाद पॉइंटसारख्या ठिकाणी पर्यटक दरीत पडून गेल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्यात.

गाणी रात्री दहापर्यंत. त्यानंतर उघड्यावर स्पीकर लावायला देशभर मनाई आहे. दहानंतर खोली बंद करून हवं तेवढं जागा. आणि प्रत्येकीचं आधार कार्ड प्रत्येकीजवळ असू द्या, एकीच्या नावावर सगळ्या खोल्या देत नाहीत.

लालबस
बसने जाणाऱ्यांसाठी: बेळगावहून सावंतवाडी, वेंगुर्ल्याच्या गाड्या आंबोलीवरूनच जातात, कर्नाटकाच्याही आणि महाराष्ट्राच्या एसटीही. पण बायकांचा मोफत प्रवास, म्हणजे शक्ती योजना, कर्नाटकातल्या प्रवासापुरती आहे. आंबोलीपर्यंत तिकीट काढावं लागेल. बाळ आणि सामान असताना मी बस सुचवणार नाही.

निपाणीची सून
आता बाळाचं आणि पैशांचं.

माझं मूल असंच लहान असताना मी मैत्रिणींबरोबर गेले होते. राहण्याचं ठिकाण ठरवताना फोनवर तीन गोष्टी विचार: खालच्या मजल्यावरची खोली आहे का, रात्री गरम पाणी मिळेल का आणि वीज गेली तर जनरेटर आहे का. आंबोलीत दमटपणा फार, कपडे वाळत नाहीत, तर लंगोट दुप्पट घ्या. तिला एक स्वतंत्र खोली द्या, तिथे बाळ झोपलं की कोणीतरी आळीपाळीने बसेल. ‘तू बस, आम्ही पॉइंट बघून येतो’ असं दोन्ही दिवस एकाच बाईला ऐकवू नका. आमच्यात प्रत्येकीने एकेक फेरी चुकवली होती आणि त्या फेरीत बाळाशी जी गट्टी जमली ती आजही आहे.

पैशांचं जपून कर. नोकरी सुटलेली मैत्रीण तोंडाने काही बोलणार नाही, शेवटच्या आठवड्यात ‘बरं वाटत नाही’ म्हणेल. आम्ही भिशीसारखं केलं होतं. चार महिने आधीपासून प्रत्येकीने जमेल तेवढी रक्कम एकीच्या खात्यात टाकायची, कोणी किती टाकले ते फक्त त्या एकीला माहीत. नवरीकडून काही घ्यायचं नाही. जमले तेवढ्यात बेत बसवायचा. सगळ्यांनी सारखा टी-शर्ट, सारखा पट्टा, फुग्यांची कमान हे आधी काटा, त्यात पैसा जातो आणि रविवारी सगळं कचऱ्यात.

घाटवाट
कचऱ्यावरून आठवलं. फुगे, चमकी, थर्माकोलची अक्षरं आंबोलीत आणूच नका. वारा लागला की सगळं दरीत. झेंडू आणि आंब्याची पानं पाटणे फाट्याला मिळतील, खोली त्याने सजवा.

बेडूकवाली
मी बेळगावच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, विद्यार्थ्यांना घेऊन आंबोलीत जाणं होतं. तुमच्या दोन दिवसांत एक रात्र जंगलाला द्या अशी माझी मनापासून विनंती आहे.

आंबोली जगात ओळखली जाते ती तिथल्या बेडकांसाठी. आंबोली टोड नावाचा छोटा भेक फक्त या भागातल्या कातळांवर सापडतो. मलबार ग्लायडिंग फ्रॉग झाडावरून झेप घेताना पायांच्या पडद्यांवर तरंगत खाली येतो. पाण्यावर झुकलेल्या फांदीला साबणाच्या फेसासारखा पांढरा गोळा चिकटलेला असतो, ते त्याचं घरटं. आत अंडी. पिल्लं तयार झाली की फेस विरघळतो आणि ती थेट खालच्या पाण्यात पडतात. ही घरटी ऐन पावसात दिसतात, कोजागरीला बहुतेक मोसम सरलेला असेल. तरी रात्री फिरलात तर फांदीवर वेटोळं घालून बसलेला हिरवा किंवा तपकिरी मलबार चापडा साप दिसू शकतो. तो विषारी आहे, म्हणून स्थानिक वाटाड्याशिवाय जाऊ नका. गावात हे काम जाणणारी मुलं आहेत, राहण्याच्या ठिकाणी विचारा. पायात बूट, हातात टॉर्च, झाडाला हात टेकायचा नाही.

सकाळी हिरण्यकेशीला जा. गुहेतून पाणी बाहेर येतं, तिथेच देऊळ. त्या कुंडातल्या एका छोट्या माशाची २०२० मध्ये नवी जात म्हणून नोंद झाली, नाव पडलं शिस्टुरा हिरण्यकेशी, आणि २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. पाण्यात साबण, निर्माल्य, नाणी काही टाकू नका.

तुमच्या गोकाकच्या मैत्रिणीला तिथे मुद्दाम उभी करा. गुहेतलं ते पाणी आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत घटप्रभेला मिळतं आणि पुढे गोकाकच्या धबधब्यावरून खाली पडतं.

गोकाकवाली
मीच ती! हे मला माहीत नव्हतं. घरी अप्पांना वाचून दाखवलं, ते म्हणाले बाटलीभर आणायचं.

केळवणाच्या रात्री उखाण्यांची स्पर्धा ठेवलीय. आमच्याकडे कन्नडमध्ये लग्नात असेच ओडपु म्हणतात, नवऱ्याचं नाव गुंफून. मी दोन्ही भाषांत घेणार आहे. गोडाला करदंट मी आणते, कुंदा बेळगावकरांनी आणायचा.

आजऱ्याची अन्नपूर्णा
जेवणाचं मी सांगते. आंबोलीत मालवणी थाळी सगळीकडे मिळते, कोंबडी-वडे, सोलकढी. पण केळवणाचं जेवण हॉटेलात सांगू नका. गावात घरगुती जेवण करून देणाऱ्या बायका आहेत, त्यांना आठवडाभर आधी सांगितलं तर पानावर वाढतात. भात आजरा घनसाळचाच मागा. आमच्या तालुक्यातला तांदूळ आहे, झाकण काढलं की घरभर वास जातो. वरण, तूप, वालाची उसळ, पुरणपोळी किंवा गव्हाची खीर, तांबड्या मिरचीचा ठेचा. बाळंतिणीला ठेचा देऊ नका. गरम भात, तूप आणि मेतकूट वेगळं सांगून ठेवा.

कोजागरीची रात्र चुकली तरी मसाला दूध करायचंच. दूध गावातच घ्या, जायफळ घरून न्या.

पुण्याची पाहुणी
मी त्या गटातली आठवी. मला वाटलं होतं सगळ्यांनी स्पा, पूल, फोटोशूट मागितलं असेल. नवरीसाठी सरप्राइज काय करूया?

खानापूरकरीण
रविवारी परतायच्या आधी सावंतवाडीला उतरा, आंबोलीहून ३० किलोमीटर. चितारआळीत लाकडी खेळण्यांची दुकानं आहेत आणि राजवाड्यात गंजिफा रंगवणारे कारागीर बसतात. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावताराचा पूर्ण संच १२० पत्त्यांचा, तो महाग, पण सुटे पत्तेही मिळतात. सगळ्यांनी मिळून तिला एक घेऊन द्या. पुण्याच्या घरात भिंतीवर लागेल.

बाळासाठी लाकडी बैल घ्यायला विसरू नका.

घाटवाट
सावंतवाडी करणार असाल तर उजेड असेपर्यंत परत वर या. घाटात अंधार पडला की धुकं उतरतं, पुढच्या गाडीचा मागचा दिवा तेवढा दिसतो. आणि धबधब्यापाशी माकडं आहेत, हातात खाण्याची पिशवी घेऊन गाडीतून उतरू नका.

हा रस्ता मुळात आपल्याचसाठी झालाय. वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरलेला माल बेळगावच्या छावणीला याच वाटेने यायचा आणि आंबोली हा त्यातला मुक्काम. इंग्रजांनी तिथे थंड हवेचं ठिकाण वसवलं ते त्यामुळे.

टिळकवाडीची (धागाकर्ती)
काल दोन्ही घरी जाऊन आले. मावशींनी सांगितल्यासारखा कागद दिला. एका आईने लगेच हो म्हटलं. दुसरीने अर्धा तास प्रश्न विचारले, ड्रायव्हर कोणाच्या ओळखीचा इथपर्यंत, आणि मग डब्याला धपाटे करून देते म्हणाली.

नवरी त्या मैत्रिणीकडे जाऊन आलीय. काय बोलणं झालं ते आम्ही विचारलं नाही. रात्री गटात त्या मैत्रिणीचाच मेसेज आला, ‘निरांजन मी घरचं आणते, चांदीचं आहे.’

पिवळ्या पाटीची बारा सीटची गाडी ठरवली. खालच्या मजल्यावरच्या तीन खोल्या, जनरेटर आहे. शुक्रवारी संध्याकाळी गावातच फेरफटका, शनिवारी सकाळी हिरण्यकेशी, दुपारी आराम, संध्याकाळी केळवण आणि उखाणे. शुक्रवारी रात्री जंगलफेरी, बाळाजवळ मी थांबणार. कावळेसाद रविवारी सकाळी धुकं असेपर्यंत, मग सावंतवाडी.

एकच राहिलं. पुण्याची मैत्रीण शुक्रवारी सकाळी निघेल. तिला बेळगावात यायला सांगू की दुसरीकडे गाठू?

निपाणीची सून
बेळगावला कशाला आणताय, तिला उलटा फेरा पडेल. पुण्याहून बेळगावकडे येणारी कुठलीही बस हायवेने निपाणीवरून जाते. तिथे उतरव. तुझी निपाणीची मैत्रीण स्टँडवर येईल ना? दोघींनी मिळून तवंदी घाटातून संकेश्वर, मग गडहिंग्लज, आजरा करत आंबोली गाठायची. संकेश्वर-बांदा रस्ता आहे तो. गडहिंग्लजला जेवायला थांबा आणि घनसाळ तांदूळ आजऱ्यात घेऊनच पुढे जा. तुमच्या आधी पोचल्या तर खोल्या ताब्यात घेऊन पाणी तापवायला सांगतील.

पुण्याची पाहुणी
चालेल. निपाणी स्टँडवर दुपारी बारापर्यंत येते, जायफळ माझ्याकडे.